सर्पदंश, मंत्र आणि आपली समजूत



ऊस विकास विभागाचे पान म्हटले की बेणे, लागण, खताचे हप्ते आणि खोडकीड याच गोष्टी आपणास अपेक्षित असतात. या अंकात मात्र आम्ही वेगळा विषय घेतला आहे. विषय उसातलाच आहे, पण टनेजचा नाही. उसात राबणाऱ्या माणसाच्या जिवाचा आहे.

गेल्या पावसाळ्यात आपल्याच कार्यक्षेत्रातील एका सभासदाचा तरणाताठा मुलगा साप चावून गेला. गावाचे व घराचे नाव लिहिण्याचे कारण नाही. पावसाने ओढ दिली होती, लाईट रात्रीची होती, म्हणून मुलगा दारे धरायला उसात गेला. पाय अनवाणी. सरीत पाऊल टाकले आणि पिंडरीला चावा बसला. घरच्यांनी त्याला लगोलग मोटारसायकलवर घातले, पण नेले ते देवळात. तेथे फेऱ्या झाल्या, अंगारा झाला. मग शेजारच्या गावच्या जाणत्याकडे नेले. त्यात अडीच-तीन तास गेले. सूज मांडीपर्यंत चढली, हिरड्यांतून रक्त येऊ लागले, तेव्हा जीप काढली. रुग्णालयात औषध सुरू झाले, परंतु तोवर मूत्रपिंडांनी काम सोडले होते. चौथ्या दिवशी मुलगा गेला.

आम्ही भेटावयास गेलो तेव्हा त्याचे वडील ओट्यावर बसले होते. म्हणाले, "साहेब, देवाच्याच मनात होतं. आमी देवळात न्यायला काय कमी केलं का?" आम्ही मान खाली घालून बसून राहिलो. पोर गेलेल्या बापाला त्या वेळी काय सांगणार? पण न बोलता उठून आलो याची बोच अजून जात नाही. म्हणून हा लेख लिहीत आहोत. तो त्या वडिलांना दोष देण्यासाठी नाही. वाडवडिलांनी जे शिकविले ते त्यांनी जीव तोडून केले. प्रश्न एवढाच आहे की, वाडवडिलांनी शिकविलेली प्रत्येक गोष्ट न तपासता पुढे चालवावी काय?

आमच्या घरचा मंत्र

दुसऱ्याच्या घरचे सांगण्याआधी आपल्या घरचे सांगावे. आमचे थोरले चुलते साप उतरवीत. सारी वाडी त्यांना आबा म्हणे. मंत्र त्यांना त्यांच्या मामाकडून मिळाला होता. ग्रहणात पाण्यात उभे राहून तो जागवायचा, काही भाज्या जन्मभर खायच्या नाहीत, आणि दोन नियम पाळायचे. कोणी बोलावणे घेऊन आले तर भरल्या ताटावरून उठायचे, आणि कोणाकडून पैसुद्धा घ्यायची नाही. आबांनी हे नियम अखेरपर्यंत मोडले नाहीत. भर पावसात, मध्यरात्री, कंदील घेऊन निघालेले आबा आम्ही लहानपणी पाहिले आहेत. असा माणूस भोंदू नव्हे, हे आम्ही कोठेही सांगू.

आबांच्या हातून बरी झालेली माणसे मोजली तर वीस-पंचवीस सहज भरतील. काही दगावलीही. पण दगावलेल्यांचा हिशेब मंत्राच्या खात्यावर कोणी धरीत नसे. "आणायला उशीर झाला", "वाटेत कुणीतरी आडवं गेलं", "त्याची दोरीच तेवढी" असे म्हणून ते खाते बंद होई.

1993 सालची गोष्ट. आमच्या भावकीतली नऊ वर्षांची मुलगी पहाटे झोपेतून रडत उठली. पोटात दुखते म्हणे. अंथरुणाजवळून काहीतरी सळसळत गेल्याचे आईने पाहिले होते, पण अंगावर खूण सापडेना. आबांनी मंत्र टाकला आणि तिला लिंबाचा पाला चावावयास दिला. पाला कडू लागला, तिने थुंकला. कडू लागतो म्हणजे विष चढलेले नाही, असे ठरले आणि सर्वांचा जीव भांड्यात पडला. दिवस उगवता उगवता तिच्या पापण्या मिटू लागल्या. रात्रभर जागली, आता झोप येते आहे, असे घरच्यांना वाटले. आईने पांघरूण घातले. थोड्या वेळाने श्वास थांबला.

पुढे आम्ही कृषी पदविकेला असताना सर्पदंशावरील एक पुस्तिका हाती आली. मण्यार चावल्यावर खूण बहुधा दिसत नाही, दुखत नाही, पोटात कळा येतात, मग पापण्या जड होतात व शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात, असे तिच्यात लिहिले होते. वाचता वाचता ती मुलगी डोळ्यांपुढे उभी राहिली. सुट्टीत घरी गेल्यावर आबांना ते पान वाचून दाखविले. आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एवढेच म्हणाले, "मंजे ती झोपली नव्हती म्हण की."

त्यानंतर कोणी साप चावलेला माणूस घेऊन आले की आबा पहिल्यांदा विचारीत, "गाडी हाय का?" मंत्र ते म्हणत, पण गाडीत बसून, दवाखान्याच्या वाटेवर. त्यांनी तो मंत्र कोणालाही दिला नाही. 2009 साली आबा गेले, त्यांच्याबरोबर मंत्रही गेला.

मग माणसे बरी कशी होत होती?

हा प्रश्न आम्हाला गावोगाव विचारला जातो. "साहेब, तुमचं पुस्तक खरं, पण आमच्या डोळ्यादेखत माणूस उठून बसला त्याचं काय?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आपण शेतकरी म्हणूनच शोधू.

समजा, एखादा कंपनीचा माणूस नवे औषध घेऊन आला आणि म्हणाला, "हे फवारा, एकरी दहा टन ऊस वाढेल." आपण काय करतो? चार सऱ्या फवारतो आणि शेजारच्या चार तशाच सोडतो. ऊस दोन्हीकडे सारखाच आला तर औषधाचा गुण नव्हे, जमिनीचा गुण, असे आपण म्हणतो. न फवारलेल्या सऱ्या सोडल्याशिवाय औषधाची पारख होत नाही. मंत्राच्या बाबतीत आपण कधी अशा सऱ्या सोडल्या काय? मंत्र न टाकता किती माणसे आपोआप बरी होतात, हे कोणी मोजले काय?

मोजले तर असे दिसते. भारतात सापांच्या सुमारे 300 जाती आहेत. त्यांपैकी विषारी 60 च्या आसपास, आणि त्यांतल्याही बऱ्याच समुद्रात किंवा दूरच्या जंगलात. आपल्या शेतात वरचेवर दिसणारे धामण, दिवड, तस्कर, कवड्या, नानेटी हे सर्व बिनविषारी. यांच्यापैकी कोणी चावले तर मंत्र टाका, न टाका, माणूस मरत नाही. जखम धुऊन धनुर्वाताचे इंजेक्शन घेतले की काम झाले. दुसरे असे की, विषारी साप चावला तरी तो दर वेळी विष सोडतोच असे नाही. पुष्कळदा दंश कोरडा असतो. तिसरे, विष थोडेच गेले असेल तर धडधाकट माणूस त्यातून तरून जातो.

म्हणजे मांत्रिकाकडे येणाऱ्या दहा माणसांपैकी पुष्कळशी तशीही बरी होणारीच असतात. ती बरी झाली की नाव मंत्राचे होते. जी खरोखर विष भिनलेली असतात ती जातात, आणि त्यांचे नाव नशिबावर जाते. आबांना यात कोणी फसविले नव्हते आणि आबांनीही कोणाला फसविले नाही. फक्त हिशेबाची एकच बाजू लिहिली जात होती.

कोंबड्या लावण्याचा प्रकारही तसाच. जखमेवर कोंबडीचा मागचा भाग दाबून धरतात, कोंबडी मेली की "विष ओढले" म्हणतात, आणि दुसरी घेतात. पायाच्या जखमेतून आत गेलेले विष थोड्याच वेळात शरीरभर पसरू लागते. ते कोंबडीने ओढून घेण्यासारखे तेथे साठून राहिलेले नसते. कोंबडी मरते ती दाबल्याने, गुदमरून. कोणाला शंका असेल त्याने साप न चावलेल्या माणसाच्या पायावर तितकाच वेळ तशीच दाबून धरावी. अर्थात आम्हाला कोंबडीची दया येते, म्हणून तसा सल्ला आम्ही देत नाही. लिंबाच्या पाल्याची चाचणीही तशीच खोटी. जिभेची चव आणि रक्तातले विष यांचा काही संबंध नाही. त्या चाचणीने आमच्या भावकीतली मुलगी घालविली, हे वर सांगितलेच आहे.

चार साप आणि त्यांचे विष

आपल्याकडे माणसे दगावतात ती मुख्यतः चार सापांमुळे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे.

नाग व मण्यार यांचे विष मज्जातंतूंवर काम करते. मेंदूचा निरोप स्नायूंपर्यंत पोहोचत नाही. आधी पापण्या मिटतात, बोलणे जड होते, गिळता येत नाही, आणि शेवटी छातीचे स्नायू थकून श्वास बंद पडतो. नागाचा दंश दुखतो व सुजतो, त्यामुळे तो लगेच कळतो. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, आणि चावा मुंगी डसल्यासारखाही वाटत नाही. म्हणून ती अधिक घातकी. रात्री जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखीने उठला आणि त्याच्या पापण्या जड होत असतील, तर खूण असो वा नसो, मण्यारच समजून त्याला हलवावे.

घोणस व फुरसे यांचे विष रक्तावर काम करते. रक्त गोठण्याची शक्ती जाते. दंशाची जागा सुजते, फोड येतात, हिरड्यांतून, लघवीतून रक्त जाते. घोणशीच्या विषाने मूत्रपिंडे निकामी होतात. दवाखान्यात काचेच्या कोरड्या नळीत थोडे रक्त घेऊन 20 मिनिटे न हलविता ठेवतात. तेवढ्या वेळात ते गोठले नाही तर विष रक्तात भिनले आहे असे समजतात. एवढी साधी परीक्षा आहे ही. पण ती दवाखान्यातच व्हावी लागते.

घोणस जाडजूड, अंगावर साखळीसारखे ठिपके, आणि कुकरच्या शिटीसारखा मोठा आवाज करणारी. पाचटाच्या रंगात ती अशी मिसळून जाते की पाय पडेपर्यंत दिसत नाही. आपल्या उसाच्या पट्ट्यात तिच्यापासून सर्वांत जास्त जपले पाहिजे.

औषध कसे तयार होते

सापाच्या विषावर आज एकच खरा उतारा आहे, तो म्हणजे प्रतिविष. आपण त्याला सापाचे इंजेक्शन म्हणतो. ते बनते कसे, हे समजले म्हणजे त्याच्याविषयीची भीती जाईल. वर सांगितलेल्या चार सापांचे विष अगदी अल्प प्रमाणात, हळूहळू वाढवीत, घोड्याला टोचतात. घोडा मरत नाही. त्याच्या रक्तात त्या विषाला धरून ठेवणारे पदार्थ तयार होतात. ते रक्तातून वेगळे करून शुद्ध केले की प्रतिविष झाले. चारही सापांचे विष वापरलेले असल्याने चावला तो कोणता साप, हे ठाऊक नसले तरी चालते. म्हणून साप मारून दवाखान्यात आणण्याची गरज नाही. साप शोधण्यात वेळ जातो, आणि मारताना दुसऱ्यालाही चावा बसतो.

सहकारातल्या माणसांना एक गोष्ट ऐकून बरे वाटेल. या औषधासाठी लागणारे विष पुरविण्यात तमिळनाडूतील इरुळा आदिवासींच्या सहकारी संस्थेचा मोठा वाटा आहे. सापांच्या कातड्याचा धंदा कायद्याने बंद झाल्यावर या लोकांचे पोट कसे चालावे, हा प्रश्न होता. 1978 साली त्यांची संस्था स्थापन झाली. सभासद परवान्याने साप पकडून आणतात, विष काढतात आणि साप पुन्हा सोडून देतात. पिढ्यान् पिढ्यांचे सापांचे ज्ञान त्यांनी टाकले नाही. त्यातले तपासून जे उपयोगी ठरले ते कामाला लावले. आपल्या मुंबईतही परळच्या हाफकिन संस्थेने सापांवरील प्रतिविष बनविण्याचे काम अनेक वर्षे केले आहे.

प्रतिविष लवकर का दिले पाहिजे, हे खोडकिडीच्या उदाहरणावरून कळेल. ट्रायकोकार्ड आपण कधी लावतो? कीड अंड्यात असताना. एकदा अळी खोडात शिरली की कार्ड बांधून उपयोग नाही. प्रतिविषही रक्तात फिरणाऱ्या विषाला पकडते. विष एकदा मज्जातंतूला किंवा मूत्रपिंडाला जाऊन भिडले की झालेली इजा ते भरून काढू शकत नाही. देवळातल्या एका तासाची किंमत ही अशी आहे.

हे औषध सर्वगुणसंपन्न आहे असेही आम्ही म्हणत नाही. काही जणांना त्याची ॲलर्जी येते, म्हणून ते घरी वा गाडीत न देता, सर्व तयारी असलेल्या दवाखान्यातच द्यावे लागते. घाटमाथ्यावरचा चापडा या चारांत बसत नाही, त्यामुळे त्याच्यावर हे औषध नीट लागू पडत नाही. पण औषधातल्या या उणिवा आपल्याला ठाऊक आहेत, कारण कोणीतरी त्या मोजल्या आणि लिहून ठेवल्या. मंत्राच्या उणिवा कोणी लिहिल्या नाहीत.

मोजण्याने काय होते याचे आपल्या महाराष्ट्रातलेच उदाहरण घ्या. 1970 च्या दशकात महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर काम करीत. कोकणातला लाल विंचू चावला की पोरे पटापट दगावत, आणि तेथेही लोक मंत्रच करीत. डॉक्टर प्रत्येक रोग्याच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, श्वास यांची नोंद करीत राहिले. त्या नोंदींतून विंचवाचे विष हृदयावर कसे काम करते हे उमगले आणि प्राझोसिन नावाची साधी गोळी कामी आली. ज्या आजारात शंभरात तीस-चाळीस माणसे जात, तेथे हे प्रमाण एकावर आले.

हा देवाला विरोध आहे काय?

मुळीच नाही. आमच्या घरी नागपंचमी होते. त्या दिवशी नांगर धरायचा नाही, जमीन खणायची नाही, काही चिरायचे नाही, हे आमच्या आईने आम्हाला शिकविले आणि आम्ही ते मुलांना शिकवितो. पावसाळ्यात बिळांत पाणी शिरून साप बाहेर आलेले असतात. त्यांना एक दिवस तरी अभय द्यावे, असा चांगला अर्थ त्यात आम्हाला दिसतो. उंदीर खाऊन साप आपला किती ऊस वाचवितो, हे उंदरांनी कुरतडलेल्या कांड्या पाहिलेल्या सभासदांना सांगावयास नको.

परंतु पूजा वेगळी आणि उपचार वेगळा. गारुड्याच्या नागाला दूध पाजणे ही नागाची सेवा नव्हे. साप दूध पिणारा प्राणी नाही. कित्येक दिवस उपाशी व तहानेला ठेवलेला साप समोर येईल ते ओढतो, आणि ते दूध त्याला बाधते. साप डूख धरतो हीही समजूतच. माणूस ओळखून वर्षभराने सूड घेण्याइतकी बुद्धी त्याला नाही. पुंगीवर तो डोलत नाही, पुंगीच्या हालचालीकडे पाहून फणा हलवितो. 1972 च्या वन्यजीव कायद्याने साप पकडून खेळ करण्यास बंदी आहे, हेही ध्यानात असावे.

आपल्याकडे धर्माची चिकित्सा करणारे बाहेरून आलेले नाहीत. महात्मा फुल्यांनी शेतकऱ्याच्या अडाणीपणाची आणि त्याच्या लुबाडणुकीची सांगड 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये घातली, त्याला 140 वर्षे होऊन गेली. गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन, कीर्तनातून, नवस-सायास आणि कोंबड्या-बकऱ्यांच्या बळीवर लोकांना प्रश्न विचारले. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्याच कामासाठी आयुष्य वेचले आणि 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला दवाखान्याच्या उपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. देवाला हात जोडण्यावर कायद्याने बंदी नाही, आणि नसावीही. देवाला हात दवाखान्याच्या गाडीतूनही जोडता येतात.

ज्यांच्या काळी प्रतिविष नव्हते, डांबरी रस्ता नव्हता, गाडी नव्हती, त्यांनी मंत्र म्हटला यात त्यांची चूक नाही. हाती जे होते ते त्यांनी केले. आमचे आबाही त्यांतलेच. पण आज हाताशी औषध असताना आपण तेवढेच करीत बसलो, तर तो वाडवडिलांचा मान राखणे नव्हे. त्यांनी बैलमोट सोडून इंजिन घेतलेच ना? जुने बेणे सोडून नवे लावलेच ना?

आकडे थोडक्यात सांगतो. 2000 ते 2019 या वीस वर्षांत आपल्या देशात सापाने सुमारे 12 लाख माणसे घेतली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणजे वर्षाला 58 हजारांच्या आसपास. त्यांतले निम्मे मृत्यू पावसाळ्याच्या चार महिन्यांतले. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात असे आढळले की, सापाने मेलेल्या दर चार माणसांपैकी तिघे दवाखान्याबाहेरच मेले होते. 2024 साली केंद्र सरकारने हे मृत्यू 2030 पर्यंत निम्म्यावर आणण्याचा आराखडा जाहीर केला आहे. आराखडा सरकारचा असला तरी माणसाला गाडीत घालण्याचे काम आपलेच आहे.

चावल्यावर काय करावे

1. माणसाला धीर द्यावा. घाबरून धावपळ केली की विष लवकर पसरते. त्याला चालवू नये.
2. अंगठी, बांगड्या, जोडवी, पैंजण, घड्याळ लगेच काढावे. सूज आल्यावर निघत नाहीत.
3. चावलेला हात किंवा पाय हाड मोडल्यावर बांधतो तसा फळी लावून सैल बांधावा, म्हणजे हलणार नाही.
4. आवळपट्टी बांधू नये. ब्लेडने कापू नये, तोंडाने चोखू नये, चुना, हळद, मिरची, बर्फ काही लावू नये. दारू व चहा देऊ नये. कोणी आधीच आवळून बांधले असेल तर ते वाटेत एकदम सोडू नये, डॉक्टरांसमोर सोडावे.
5. 108 ला फोन करावा. गाडीला उशीर लागणार असेल तर थांबू नये. मोटारसायकलवर न्यावयाचे असल्यास रोग्याला मध्ये बसवून मागे एकाने धरून बसावे.
6. उलटी होत असेल, ग्लानी येत असेल तर कुशीवर निजवावे.
7. चावल्याची वेळ आणि दिसलेली लक्षणे ध्यानात ठेवून डॉक्टरांना सांगावीत.

सरकारी रुग्णालयात हे औषध मोफत मिळते. आपल्या गावापासून कोणत्या रुग्णालयात प्रतिविष आणि श्वासाचे यंत्र दोन्ही आहे, याची चौकशी आजच करून ठेवावी. साप चावल्यावर चौकशी करीत बसू नये. दुर्दैवाने माणूस दगावलाच तर शवविच्छेदन अवश्य करून घ्यावे. सर्पदंशाचा समावेश शेतकरी अपघात सानुग्रह अनुदान योजनेत आहे, पण कागद नसल्याने पुष्कळ घरांची मदत हुकते. माहिती तालुका कृषी कार्यालयात मिळेल.

उसात वावरताना

रात्री दारे धरावयास जाताना गमबूट आणि बॅटरी ही दोन्ही हवीतच. आठ-दहा हजारांचे खत टाकताना आपण मागेपुढे पाहत नाही, मग बुटाला का पाहावे? सरीत उतरण्याआधी काठी आपटावी. सापाला जमिनीचा हादरा कळतो आणि बहुधा तो बाजूला होतो. पाचट, सरपण, गोवऱ्या हाताने उचलण्याआधी काठीने हलवाव्यात. गोठ्यात व घराजवळ धान्य सांडू देऊ नये. धान्यामागे उंदीर आणि उंदरामागे साप येतो.

"सापाच्या भीतीने पाचट पेटवतो" असे काही सभासद सांगतात. पाचट पेटविल्याने एकरी तीन-चार टन सेंद्रिय माल जळतो आणि साप शेजारच्या रानात जातो, एवढेच होते. पाचट सरीआड ठेवा आणि पायांत बूट घाला.

तोडणीच्या टोळ्या खोपींत जमिनीवर झोपतात. मण्यारीचा धोका सर्वांत जास्त त्यांनाच. ज्यांच्या रानात टोळी उतरली आहे त्या सभासदांनी त्यांना बाज किंवा फळ्या, आणि शक्य तर मच्छरदाणी द्यावी. मच्छरदाणी गादीखाली खोचली की साप आत येत नाही. ही माणसे आपल्या गावची नाहीत, त्यांना येथला दवाखाना ठाऊक नसतो. रात्री हाक आली तर गाडी घेऊन जाणे हे आपले काम आहे.

गेल्या हंगामात आमच्या एका गटात असेच घडले. पहाटे टोळीतल्या एका बाईच्या पोटात कळा येऊ लागल्या. मुकादम म्हणाला, काही शिळे खाल्ले असेल. आमच्या चिटबॉयने तिच्या डोळ्यांकडे पाहिले, पापण्या जड दिसल्या. त्याने काही न विचारता ट्रॅक्टरवाल्याला उठविले आणि तिला रुग्णालयात पोहोचविले. तीन दिवस ती श्वासाच्या यंत्रावर होती. आठव्या दिवशी चालत परत आली, आणि टोळी पुढच्या फडाला जाण्याआधी गट ऑफिसात येऊन त्या पोराच्या हातावर गूळ ठेवून गेली. त्या पोराला ही लक्षणे आम्ही सांगितली होती, आणि आम्हाला ती एका नऊ वर्षांच्या मुलीमुळे कायमची पाठ झाली होती.

या पानाचे वाचन घरात मोठ्याने करावे, बायामाणसांना आणि पोरांनाही ऐकू जाईल असे करावे, ही विनंती. ज्या वडिलांच्या ओट्यावर आम्ही गप्प बसलो होतो, त्यांना हा अंक आम्ही स्वतः नेऊन देणार आहोत. त्यांचा धाकटा मुलगा आता रात्रीच्या पाळीला जातो. त्याच्यासाठी गमबुटाचा एक जोडही बरोबर नेत आहोत.

आपला,
ऊस विकास अधिकारी